टोपल्यातलं उभं राहू दे

सुपडाअक्काबद्दल तिच्या हयातीत एकही बरं वाक्य लिहायची सोय नव्हती. लिहिलं असतं आणि कुणी तिला वाचून दाखवलं असतं, तर ती आधी त्या कागदावर थुंकली असती आणि मग माझ्यावर. आता ती नाही. आता लिहिलं तर चालेल, असं मनाला समजावते आहे. तरी चांगला शब्द आला की हात थोडा अडखळतोच.

साक्रीच्या शाळेत ग्रंथपाल म्हणून मी धुळ्याहून आले, तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. सुरतेला जाणाऱ्या हमरस्त्यापासून आत वळलेल्या एका गल्लीत अक्काच्या घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली. मागे अंगण, अंगणात कडुनिंब, कडुनिंबाखाली शेळ्या. खोली बघायला गेले तेव्हा अक्का घरी नव्हती. समोरच्या लोटननाना शिंप्याने मशीन थांबवून किल्ली दिली, "बाई मननी भली शे" असं म्हटलं आणि लगेच जीभ चावली. इकडेतिकडे बघून, कुणी ऐकलं नाही अशी खात्री करून घेतली आणि पुन्हा मशीनचं पायडल मारायला लागला.

जीभ का चावली ते मला सामान लावताना कळायला लागलं. मी ट्रंकेतली पुस्तकं खिडकीच्या फळीवर मांडत होते आणि मागच्या अंगणातून आवाज आला, "मर! मर एकदानी! कसाले उनी मना घरमा? उकिरडावर फेकी देसू तुले!"

मला वाटलं, सून असणार. मी तेव्हाही भिडस्त होते, आजही आहे. पण पलीकडे कुणा बाईचे हाल चालले आहेत आणि आपण पुस्तकं लावत बसलो आहोत, हे काही बरं नव्हे, म्हणून धीर करून मागच्या दारापर्यंत गेले. सून वगैरे कुणी नव्हती. एक काटकुळी, काष्ट्याचं लुगडं नेसलेली बाई जमिनीवर बसली होती. तिच्या दोन्ही गुडघ्यांमध्ये बांबूचं टोपलं होतं आणि टोपल्यात काळं, ओलं, हातभरही नसलेलं काहीतरी. त्याला ती गोणपाटाच्या तुकड्याने हलके हलके चोळत होती. चेहऱ्यावर अशी माया, की देवापुढे बसलेल्या बायकांच्याही चेहऱ्यावर मी ती क्वचितच पाहिली होती. तोंडातून मात्र एकामागून एक शिव्या. एवढ्यात ते काळं ओलं शिंकलं. बाईने वर बघितलं आणि मला, अनोळखी माणसाला, आनंदाची बातमी दिल्यासारखं सांगितलं, "देख, मरत नही मुर्दाड!"

मी शहरातल्या शिकल्यासवरल्या बाईने म्हणावं ते म्हटलं, "अगं बाई, किती गोड आहे!"

तिचा चेहरा पडला. "थुक," ती म्हणाली. मला समजेना. "थुक आते! आठेच!" मी आयुष्यात प्रथमच कुणाच्या अंगणात थुंकले. मग तिने मीठमोहऱ्या आणून पिल्लावरून आणि, खबरदारी म्हणून, माझ्यावरूनही उतरवून टाकल्या. सुपडाअक्काची आणि माझी ओळख अशी झाली.

तिचा नियम सोपा होता. ज्याने जगावं असं वाटतं त्याला चांगलं म्हणायचं नाही. चांगलं म्हटलेलं कुणीतरी ऐकतं, आणि चांगल्या वस्तूवर कुणाचाही डोळा जातो. वाईट म्हटलं, फेकून द्यायच्या लायकीचं म्हटलं, तर न्यायला आलेलासुद्धा नाक मुरडून परत फिरतो. आमच्या खानदेशात माणसांची नावंही याच विचाराने ठेवलेली सापडतात. अक्काच्या आधीची भावंडं राहिली नव्हती, म्हणून तिला जन्मल्याबरोबर सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने उचललं आणि मूठभर ज्वारी घेऊन आईला परत दिलं. तेव्हापासून ती सुपडा. पुढे तिचा मुलगा दिवस भरण्याआधीच जन्मला, तेव्हा तिने त्याचं नाव उखर्डू ठेवलं. उखर्डू म्हणजे उकिरड्यावरचा. तो जगला, वाढला, सुरतेच्या एका कापडगिरणीत रंगखात्यात लागला आणि तिथे सगळ्यांना त्याने आपलं नाव उदय सांगितलं. हे कळलं त्या दिवशी अक्का जेवली नाही. "उदय म्हनस सोताले!" ती लोटननानाला सांगत होती. "इतकं मी त्याले जगाडं, आनि आते त्याले मरानं शे का?"

बाजाराच्या दिवशी आमच्या गल्लीत डोंगराकडच्या पाड्यांवरून माणसं येत. कुणाच्या खांद्यावरच्या घोंगडीत, कुणाच्या बाजाराच्या पिशवीत कांद्यांवर ठेवलेलं एखादं पिल्लू असे. तिळ्यातलं तिसरं, आईने लाथाडलेलं, मान न धरणारं. ते अक्काच्या ओट्यावर ठेवून माणूस म्हणे, "अक्का, याले जगाडी दे." अक्का पिल्लाकडे न बघता त्या माणसाचाच उद्धार करी, हे मढं माझ्या दारात का आणलं म्हणून, आणि बोलता बोलता पिल्लू टोपल्यात गेलेलं असे. पिल्लू उभं राहिलं, आपल्या पायांनी आचळापर्यंत गेलं, की धन्याला निरोप जाई. परत नेताना धनी खूश होऊन "लई भारी झालं" म्हणाला, तर ती त्याच्या हातातून पिल्लू काढून घेई आणि तो पुरेसा वाईट बोलेपर्यंत देत नसे.

तालुक्याच्या दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर नवीन होते तेव्हा त्यांनाही थुंकावं लागलं होतं. ते हुशार निघाले. पुढच्या खेपेपासून ते फाटकातूनच ओरडत, "काय अक्का, मेलं का?" अक्का प्रसन्न होऊन चहा टाके. दोघांचं चांगलं जमलं. ताप चढलेलं, नाळ पिकलेलं पिल्लू ती स्वतः पदराखाली घेऊन दवाखान्यात जाई, आणि डॉक्टर त्यांच्याकडे आलेली गारठलेली पिल्लं हिच्याकडे पाठवत.

टोपल्याची जागा चुलीजवळ होती. तळाला सरमाड, म्हणजे बाजरीची वाळलेली ताटं, त्यावर जुनं धोतर, आणि कुशीला गरम पाण्याची काचेची बाटली फडक्यात गुंडाळलेली. पिल्लू आलं की अक्का आधी त्याच्या तोंडात बोट घालून बघे. तोंड थंड असेल तर दुधाचा थेंब नाही, मग ते कितीही ओरडो. आधी ऊब, मग चीक, मग दूध. गारठलेल्या पोटात गेलेलं दूध तसंच पडून राहतं आणि घात करतं, म्हणे. हे शास्त्र तिने माणसांनाही लागू केलं होतं. कुणी भांडून आलं, रडत आलं, की ती त्याच्याशी बोलायची नाही, खायलाही द्यायची नाही. त्याला उन्हात किंवा चुलीपाशी बसवायची आणि म्हणायची, "तोंड थंड शे तुनं. बस आधी." मला एका स्थळाकडून नकार आला, त्या दिवशी मी धुळ्याहून परतले ते थेट खोलीत जाऊन दार लावायच्या बेताने. तिने मला मनगटाला धरून चुलीपुढे बसवलं. टोपल्यातलं एक पिल्लू माझ्या मांडीवर ठेवलं आणि दुसऱ्या कामाला लागली. नकाराबद्दल तिने कधीच विचारलं नाही. बऱ्याच वेळाने चहा दिला आणि म्हणाली, "उधई, तुले कोन नेई? घर खाई टाकशी त्यानं."

उधई म्हणजे वाळवी. पुस्तकांतच असते म्हणून माझं ते नाव. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाईट वाटलं होतं. नंतर लक्षात आलं, भाडेकरू म्हणून माझ्या आधी राहून गेलेल्या तलाठीबाईंना ती "भल्या बाई" म्हणायची.

एकदा या उधईने पिल्लांच्या संगोपनातही हातभार लावला. एक पिल्लू कापडाचा बोळा चोखेना. मी शाईचा ड्रॉपर द्यायचं कबूल केलं. नवा देणार होते, पण मी शाळेत गेलेली असताना अक्काने टेबलावरचा, वापरातला उचलला. तिने तो धुतला, पण रबरी फुग्याच्या आत कोण बघतं! दुपारी मी आले तर अंगणात गर्दी. पिल्लाची जीभ आणि ओठ निळे. कुणी म्हणत होतं साप चावला, कुणी म्हणत होतं देवीचा कोप. लोटननाना हात जोडून उभा होता. मी शरमेने शाईची बाटली आणून दाखवली. सगळे हसले, अक्का सोडून. तिने पिल्लाकडे निरखून पाहिलं, ते निळ्या जिभेने तिचं बोट चाटत होतं. "आते वाचाले शिकी हाई मुर्दाड," ती म्हणाली, "कामातून गयं." त्या पिल्लाचं नाव शाई पडलं, आणि मोठेपणी त्याने खरोखरच माझं एक पुस्तक खाल्लं.

लोटननानाचं आणि तिचं रोज भांडण असे. हिच्या शेळ्या माझ्या चिंध्या खातात, ही त्याची तक्रार. तुझ्या मशीनच्या खडखडाटाने शेळ्यांचं दूध आटतं, ही तिची. पण थंडी पडली की नाना उरलेल्या कापडाचे पिल्लांसाठी कोट शिवी. शाळेच्या गणवेशाची खाकी, लेंग्याचे पट्टे, कुणाच्या लग्नातल्या ब्लाउजची जर. चारही पायांना भोकं आणि पाठीवर गुंडी. अशी कोट घातलेली पिल्लं अंगणात पडत-धडपडत असत, आणि अक्का कोटाचं कापड चिमटीत धरून म्हणे, "कसं बेकार शिवं रे, नाना!" नाना समाधानाने मान डोलवी.

सगळीच पिल्लं जगत नसत. हे मला माहीत व्हायला वेळ लागला, कारण ती वेळ आली की घर गप्प होई. मी एकदाच पाहिलं. सकाळची वेळ होती. अक्का टोपल्यापाशी बसली होती आणि शिव्या थांबल्या होत्या. तिने ते पिल्लू धोतरात गुंडाळलं, त्याचे कान नीट केले आणि हळू म्हणाली, "भलतं गुनी व्हतं." तिच्या तोंडून चांगला शब्द ऐकला तो तेवढाच. त्यानंतर पुढे कधी अंगणातला आरडाओरडा बंद झाला की मी पुस्तक मिटून कान देई, आणि पुन्हा "मर मेल्या" कानावर आलं की मी निर्धास्त होऊन वाचायला लागे.

उखर्डूला आईला सुरतेला न्यायचं होतं. त्याचं चुकत नव्हतं. खोली पक्की होती, नळ होता, पंखा होता, बायको चांगली होती. आई इथे एकटी, वय होत चाललेलं, शेळ्यांमागे राबते, हे त्याला तिथे खुपत असणार. अक्काला जायचं नव्हतं. पण तिने "येत नाही" असं मुलाला कधी म्हटलं नाही. ती म्हणे, "हाई टोपलामधलं उभं राहू दे, मंग येसू." आणि टोपल्यात नेहमीच काहीतरी असे. एक उभं राहिलं की दुसरं. कधी टोपलं रिकामं पडायची भीती असली आणि उखर्डू येणार असं कळलं, की लोटननाना बाजारात फिरून एखादं मरतुकडं पिल्लू शोधून आणी. कुणाचं, कशासाठी, हे अक्का विचारत नसे. गल्लीत सगळ्यांना हे माहीत होतं. उखर्डूलाही असावं.

मग एका हिवाळ्यात तो लांब रजा काढून आला. इस्त्रीची पँट, केसांना सुगंधी तेल, बोलणं शुद्ध. "आई, या वेळी मी तुला घेतल्याशिवाय जाणार नाही," त्याने ओट्यावर चढता चढताच सांगितलं. अक्काने त्याच्या गालाला हात लावला. "तोंड थंड शे तुनं," ती म्हणाली आणि त्याला चुलीपाशी बसवलं. तिथे टोपल्यात एक पाट होती, म्हणजे शेळीचं मादी पिल्लू. अक्काच्याच शेळीच्या तिळ्यातली तिसरी, मांजराएवढी, पायांत जीव नसलेली. फुटक्या खापरासारखी तपकिरी, म्हणून तिचं नाव खापरी.

"ही उभी राहिली की येशील?" उखर्डूने विचारलं.

"येसू."

"शपथ?"

"मनी जबान शे."

उखर्डूने पँट दुमडून वर घेतली आणि खापरीच्या सेवेला लागला.

पुढचे दिवस गल्लीने अशी गंमत पाहिली की नानाचं मशीन दुपारभर बंद राहू लागलं. ज्याला आईला न्यायचं होतं तो पिल्लाला उभं करायला जिवाचं रान करत होता. पाय चोळत होता, बाटली गरम ठेवत होता, पोटाखाली हात धरून चालवत होता. आणि जिला जायचं नव्हतं ती त्याच्याशेजारी बसून, त्याचा हात चुकला की रागावून दाखवत होती. नानाने एकदा तिला बाजूला घेऊन सुचवलं, "अक्का, जरासं धीरे धीरे चालू दे ना." त्यावर अक्काने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पिल्लाच्या जिवावर तिला राहायचं नव्हतं. खापरी तिच्या हाताखाली रोज थोडी सुधारत होती, आणि ती सुधारली की अक्काला आपलं अंगण सोडावं लागणार होतं. हे तिला माझ्याइतकंच कळत होतं. मी मागच्या दारात पुस्तक उघडून बसे आणि पान उलटत नसे.

घोटाळा केला तो उखर्डूनेच. रजा संपत आली होती. एका सकाळी अक्का शेळ्यांना पाला आणायला गेली असताना त्याने विचार केला, आईचं हे थेंब थेंब काम कधी संपणार! त्याने हॉटेलातून गाईचं दूध आणलं, बाटलीत भरलं आणि रात्री चूल विझल्यावर गारठ्याने काकडलेल्या खापरीला अख्खी बाटली पाजली. तोंडात बोट घालून पाहिलं नाही. पाहिलं ते तिने घटाघटा प्यालेलं दूध, आणि ती दोन पायांवर धडपडत उठलेली. मग आनंदाच्या भरात तो अंगणातून ओरडला, "आई! बघ तरी, किती गुणाचं आहे गं हे पिल्लू!"

अक्का पाल्याचा भारा घेऊन दारात शिरत होती. भारा तिथेच पडला.

दुपारपर्यंत खापरीचं पोट नगाऱ्यासारखं झालं. मग हगवण लागली. डोळे आत गेले, मान पडली. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले, फाटकातून "मेलं का?" असं त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. उखर्डू कोपऱ्यात उभा होता. बाटलीने घात केला की बोलण्याने, यावर गल्लीत दोन तट पडले. अक्का कुठल्याच तटात नव्हती. तिने दूध बंद केलं, मीठ-गुळाचं कोमट पाणी बोटाने चाटवायला घेतलं आणि मुलाला एवढंच म्हणाली, "बस आठे. तूच चाटाड."

तो बसला. थेंब थेंब. मघाशी ज्या थेंबांचा त्याला कंटाळा आला होता, तेच. आई शेजारी बसून शिव्या देत राहिली. तिचा आवाज संध्याकाळकडे बसला, फुटेना. अंगण शांत झालं. मी मागच्या दारात उठून उभी राहिले. नानाही ओट्यावरून उतरला. मग उखर्डूचा आवाज आला, आधी पुटपुटल्यासारखा, शुद्ध भाषेत, "मर... मर बघू..." ते काही जमेना. मग एकदम, सुरत, पंखा, उदय सगळं विसरून, पोटातून, "मर ना व मुर्दाड! कसाले उनी मना हातमा? फुटकं खापर! फेकी देसू उकिरडावर!" त्याचे डोळे वाहत होते आणि बोट खापरीच्या तोंडात होतं. खापरीने ते चोखलं.

अक्काने पदराने तोंड पुसलं. ती हसत होती का, ते मला दिसलं नाही.

खापरी वाचली आणि उभीही राहिली. चौघांच्या देखत चालत जाऊन तिने आईचं आचळ धरलं. अक्काने ते पाहिलं, उठली आणि ट्रंक काढली. नानाने आधीच आसपासची गावं पालथी घातली होती, पण त्या वर्षी शेळ्यांना काय झालं होतं कोण जाणे, सगळीकडे गलेलठ्ठ पिल्लं. अक्काने शेळ्या नानाला सोपवल्या, घराची किल्ली मला दिली. "पुस्तकं भरू नको मना घरमा," म्हणाली. आम्ही सगळे सुरत गाडीसाठी हमरस्त्यावर आलो. नानाने ट्रंक धरली होती आणि जन्मात पहिल्यांदा भांडत नव्हता.

खापरी कोट घालून मागून आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. गाडी लांब दिसली, हॉर्न वाजला, तशी ती बिचकली, कोटात पाय अडकला आणि धुळीत पडली. पडली आणि तत्क्षणी उठलीही. मी पाहिलं. नानाने पाहिलं. अक्काने तर पाहिलंच.

उखर्डू खापरीकडे बघत होता. मग आईकडे न बघता म्हणाला, "माय, हाई पडनी."

"उठनी ती," अक्का म्हणाली.

"नीट उभी राहत नही आजून."

"राहस. मी देखं ना. मनी जबान शे."

"तू काय देखं? मी देखं." त्याने नानाच्या हातातून ट्रंक घेतली आणि खाली, आईच्या पायाशी ठेवली. खापरीला उचललं आणि आईच्या हातात दिलं. "ले, घाल इले टोपलामा. उभी राहयनी का येजो." आणि गाडीत चढला.

अक्काने खापरीला पदराखाली घेतलं. गाडी सुटली आणि त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "जाय! मर तठेच! तोंड नको दाखाडू परत!" ती हमरस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडली. गाडीतल्या लोकांनी माना वळवल्या. कुणीतरी त्या बिचाऱ्या मुलाकडे कणवेने पाहिलं असेल. तो मात्र खिडकीत दात काढून हसत होता, लहानपणी हसत असेल तसा.

त्यानंतर तो दर दिवाळीला येई आणि आल्या आल्या विचारी, "काय, उभी राहयनी का खापरी?" तोवर खापरी दोनदा व्यालेली, धिप्पाड शेळी झाली होती. अक्का तिच्याकडे बघून उसासा टाकी. "कसानी? पाय लटपटतस आजून."

मग माझी बदली धुळ्याला झाली. निघताना अक्काने निरोप दिला तो माझ्यासारख्या वाळवीपासून घर सुटलं म्हणून. मी वर्षातून एखाददुसऱ्या वेळी जात राहिले. नव्वदनंतरच्या एका उन्हाळ्याआधी गेले, तेव्हा ती अंगणात बाजेवर होती. फार वाळली होती. उन्हात बाज टाकलेली, पायांवर धोतर, कुशीला फडक्यात गुंडाळलेली काचेची बाटली. बाजेखाली म्हातारी खापरी रवंथ करत होती. मी शेजारी बसले आणि नकळत तिच्या गालाला हात लावला. गाल थंड होता.

"आधी ऊब," ती डोळे न उघडता म्हणाली.

मला माझ्या सवयीची सगळी वाक्यं आठवत होती. बऱ्या दिसता, लवकर हिंडायला लागाल, तुमच्यासारखं माणूस नाही. एकेक ओठापर्यंत येई आणि मी ते गिळी. इतकी वर्षं तिच्याकडे राहून मला ती एक गोष्ट कधी जमली नव्हती. माझ्या तोंडाला तसं वळणच नव्हतं. शेवटी मी डोळे मिटून, शाळेत उत्तर देतात तशी, स्पष्ट आवाजात म्हणाले, "अक्का, तुम्ही अजून मेला नाहीत?"

तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या त्या काटकुळ्या छातीतून हसू उमटलं. खोकला आला तरी ते थांबेना. "शिकनी!" ती गल्लीकडे तोंड करून नानाला सांगत होती, "नाना रे! उधई शिकनी एकदानी! तुम्ही मेला नाहीत म्हनस!" नाना मशीन सोडून आला. त्यालाही हसू आवरेना. मी निघाले तेव्हा ती बाजेवर जरा उठून बसली होती आणि खापरीच्या कानामागे खाजवत होती. फाटकापर्यंत तिचं बोलणं माझ्या पाठीवर येत होतं, कशाला आली होतीस, परत येऊ नको, मर तिकडे पुस्तकांत. मी इतक्या हलक्या मनाने त्या गल्लीतून कधी बाहेर पडले नव्हते.

पुढे काही आठवड्यांनी शाळेच्या कार्यालयात मला फोन आला. साक्रीच्या एसटीडी बूथवरून उखर्डू बोलत होता. नमस्कार नाही, काही नाही.

"ताई," तो म्हणाला. "आई भलती गुनी व्हती."

मी खुर्चीवर बसले. पुढे काही विचारायची गरज नव्हती. फोनमध्ये एक बारीक आवाज येत होता, मला वाटलं रडतो आहे. तो आवाज मोठा झाला आणि ओळखीचा वाटला. अगदी नव्या, कोवळ्या गळ्याचं बेंऽऽ.

"खापरीच्या नातीचं आहे," तो ओशाळून म्हणाला. "चोखत नाही. घरी टोपल्यात एकटं कसं ठेवणार? शर्टात घालून आणलं." मग त्याने तोंड वळवलं असावं, कारण आवाज जरा लांबून, पण चांगला दणदणीत आला, "गप, मुर्दाड! मर एकदानं! फेकी देसू उकिरडावर!"